उटण्याचे दिवस

नवरात्र उठतं, दसऱ्याची आपट्याची पानं कोपऱ्याकोपऱ्यात सुकून पडतात आणि पुण्यात ते विचित्र ऊन सुरू होतं. पावसाळा सरलेला असतो, थंडी आलेली नसते. दुपारी डोकं तापतं, पहाटे पांघरूण शोधावं लागतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या धंद्यात त्यांना उटण्याचे दिवस म्हणतात.

पुण्याजवळ मांजरी गावात माझं उटण्याचं छोटंसं युनिट आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दोन पल्व्हरायझर, म्हणजे भुकटी करायची यंत्रं, दिवसभर घरघरत असतात. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, संत्र्याची वाळलेली सालं तोलून यंत्रात टाकतात. पिवळसर धूळ पापण्यांवर बसते, डब्यातल्या पोळीला वास लागतो. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, "वा, दिवाळी आली!" मला मात्र तो वास आला की आधी एका जुन्या ऑक्टोबरची आठवण येते. दरवर्षी वाटतं, यंदा येणार नाही. येतेच.

तो एकच ऑक्टोबर. तेव्हा मांजरीचं युनिट नव्हतं. कसबा पेठेत, तांबटांच्या ठोक्यांच्या आवाजात, एक अंधारी खोली भाड्यानं घेतली होती. पुढच्या अर्ध्या भागात तेलाच्या बाटल्या आणि उटण्याच्या पुड्या, मागच्या अर्ध्या भागात पडद्याआड एक लाकडी बाक. बाहेर पाटी: 'बायकांसाठी तेल, उटणं, मालिश'. वेलनेस हा शब्द माझ्या कानावर तोवर पडला नव्हता. बायका यायच्या, बाकावर पालथ्या पडायच्या आणि पाठीला हात लागला की बोलायला लागायच्या. सासूबद्दल, बँकेतल्या साहेबाबद्दल, न होणाऱ्या मुलाबद्दल. मी ऐकायचे आणि अंगठ्यानं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत जायचे. काही जणी नुसत्याच झोपायच्या. त्यांना उठवताना मला वाईट वाटायचं.

ज्यांच्यासाठी मी उटणं करत होते त्यांच्या सणाशी आमच्या घराचा संबंध नव्हता. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमचा सण दसऱ्याचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात वंदना, घरी खीर. दिवाळीची पहाट आमच्याकडे इतर पहाटांसारखीच यायची. पेठेतल्या एक आजी पुडी नाकाशी नेत म्हणाल्या होत्या, "वास चांगला जमलाय हो. आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्यांनी पुडी अलगद ठेवली. "छान. आम्ही आपलं घरीच करतो." दोन दिवसांनी त्यांच्या शेजारीणबाई आल्या आणि दोन पुड्या मागितल्या. एक त्यांना, एक 'आजींना'. मी हसून दिल्या. पुण्यात धंदा करायचा तर अशा वेळी हसता यायला हवं.

ती खोली मी हौसेनं घेतली नव्हती. प्रभाकर, म्हणजे माझे मिस्टर, पिंपरीकडच्या एका कारखान्यात टर्नर होते. तोंडावर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, इथे लिहिताना घेते आहे. लेथवर त्यांचा हात असा की साहेब लोक परदेशी पाहुण्यांना आणून दाखवायचे. उजव्या तर्जनीचं टोक कामातच वाकडं झालेलं. ते बोट ते पदक दाखवावं तसं दाखवायचे. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, बाहेरची यंत्रं आली आणि त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. गल्लीतले सगळे म्हणत होते, आता देश पुढे जाणार. तो गेलाही. प्रभाकर मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बसायचे. सिगारेट नाही, दारू नाही, तक्रार नाही. नुसतं बसणं. ते बघण्यापेक्षा मी ब्यूटी पार्लरचा कोर्स केला आणि पडद्याआडचा तो बाक विकत घेतला.

मग एक दिवस त्यांना नोकरी लागली. हिंजवडीला, एका कंप्युटरच्या कंपनीत. "स्टोअरमध्ये," ते म्हणाले. "माल येतो-जातो त्यावर लक्ष ठेवायचं." घरातून साध्या कपड्यांत निघायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. मनपाच्या थांब्यावरून बस पकडायचे. आबांना तर आभाळ ठेंगणं झालं. विहारात भेटेल त्याला सांगायचे, "पोरगा कंप्युटरच्या कंपनीत हाय माझा."

आबांच्या त्या आनंदाला मागची एक गोष्ट होती. त्यांचे वडील गावचे वेसकर. गावाच्या वेशीत हातात काठी घेऊन दिवसरात्र उभं राहायचं, आल्यागेल्याला हटकायचं, राखण करायची आणि त्याबद्दल संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. जातीनं नेमून दिलेलं काम. नको म्हणायची सोय नव्हती. लहानपणी आबाही बापाच्या शेजारी कुडकुडत उभे राहिलेले. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी ती काठी चुलीत घातली आणि गाव सोडलं. पुण्यात येऊन सरकारी कारखान्यात हमाली केली, मुलाला आयटीआयला घातलं. "आपण कुनाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज होतं.

आता मागे वळून बघताना दिसतं की त्या वर्षी प्रभाकरच्या कपाळावर एक आडवी रेघ होती. वर गोरं, खाली काळं. मी म्हटलं, "ऊन लागतंय वाटतं." ते म्हणाले, "बसच्या रांगेत." पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी ते दारात पाय पसरून बसत, तेव्हा मी तेलाची वाटी घेऊन जवळ जायचे. "नको," ते पाय ओढून घेत. "दिवसभर तेच करतेस. घरी तरी नको." पेठेतल्या निम्म्या बायकांच्या पाठी माझ्या हातांना पाठ होत्या आणि माझ्याच घरातल्या माणसाचे पाय मला परके होते.

माझ्याकडे तेव्हा मुग्धा नावाची एक मुलगी डोक्याला तेल लावून घ्यायला यायची. हिंजवडीतल्या एका कंपनीत माणसांचं खातं सांभाळायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती म्हणाली, "ताई, दिवाळीच्या आधी आम्ही ऑफिसमध्ये वेलनेस डे करतोय. लोक फार स्ट्रेस्ड आहेत हो. तुम्ही याल? हेड मसाज, शोल्डर मसाज आणि प्रत्येकाला तुमच्या उटण्याचं पाकीट. सेल्फ-केअर हीच थीम आहे."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे स्वतःची काळजी घेणं."

मला गंमत वाटली. आपल्या भाषेत काळजी करणं आणि काळजी घेणं यांत एका क्रियापदाचाच फरक आहे. आमच्या घरात सगळे एकमेकांची काळजी करत होतो, कुणी कुणाला घेऊ मात्र देत नव्हतं. मी हो म्हटलं. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा येत होतं. घरी सांगितलं, तेव्हा प्रभाकरनी कंपनीचं नाव विचारलं. नाव ऐकून मान हलवली. त्यांची कंपनी दुसरी होती. ठेकेदार आपल्या माणसांना आज या गेटवर तर उद्या त्या गेटवर पाठवतो, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला कुठे उभं करणार, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही टेम्पोतून गेलो. माझ्या हाताखालची लता, तिची बहीण आणि मी. मागे तेलाचे डबे, टॉवेल, पाकिटांची खोकी. हिंजवडीत तेव्हा अर्धी भातखाचरं होती आणि अर्ध्या काचा. रस्त्याच्या कडेला म्हशी आणि पलीकडे त्या म्हशींचीच प्रतिबिंबं दाखवणाऱ्या इमारती. ऊन काचांवरून उलटं अंगावर येत होतं.

गेटवर टेम्पो थांबला. निळा शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर शिट्टीची दोरी अशा एका माणसानं दांड्याला लावलेला आरसा टेम्पोखाली सरकवला. मी खाली उतरून पिशवी उघडत होते. दांड्यावरचा हात दिसला. त्या हाताची वाकडी तर्जनी दिसली. मग मी वर पाहिलं.

त्यांनी मला आधीच पाहिलं होतं.

शेजारी त्यांचा सुपरवायझर उभा होता, त्यांच्या निम्म्या वयाचा. "काका, काय पुतळ्यासारखे उभे राहिलात? बॅगा बघा."

"मॅडम, बॅग दाखवा," प्रभाकर मला म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहोजाहो केलं.

मी दाखवली. "हे काय आहे?"

"उटणं."

"आणि डब्यात?"

"तिळाचं तेल."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. तो वास आमच्या घराच्या भिंतींना होता.

"पास बनवा त्यांचा," सुपरवायझर म्हणाला. "आणि पूर्ण नाव लिहा, काका. परवा अर्धंच लिहिलं होतं, मला वर ऐकावं लागलं."

त्यांनी पेन घेतलं. "नाव?"

"सुनंदा."

पेन थांबलं. सुपरवायझर बघत होता. "मधलं नाव?" त्यांनी खाली बघत विचारलं.

ज्या माणसाचं नाव मी त्याच्या तोंडावर कधी घेतलं नव्हतं, ते नाव मी भर उन्हात, लोखंडी गेटपाशी, त्याच्याच समोर घेतलं. "प्रभाकर."

त्यांनी ते सावकाश लिहिलं. आडनाव विचारलं नाही, तसंच लिहून टाकलं. सुपरवायझरच्या ते लक्षात आलं नाही. पास माझ्या हातात देताना बोटाला बोट लागणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. लता माझ्यामागे खोकं धरून उभी होती. ती आमच्या घरी येऊन जेवलेली मुलगी. त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही.

आत बर्फासारखा गारवा. भिंतीवर फुलं आणि दगडांची चित्रं. मुग्धा माइकवर इंग्रजीत बोलत होती, मग मराठीत म्हणाली, "स्वतःसाठी वेळ काढा, फ्रेंड्स. तुमचं शरीर तुमचं घर आहे." पोरंपोरी एकेक करून माझ्यापुढे बसत होती. मानेच्या शिरा ताठ, खांदे दगड. वाईट नव्हती हो ती पोरं. एक मुलगी तर हात लागताच रडायला लागली, सॉरी सॉरी म्हणत राहिली. मी तिचे खांदे दाबत होते आणि समोरच्या काचेतून खालचं गेट दिसत होतं. दुपार सरत होती, इमारतीची सावली अजून गेटपर्यंत पोचली नव्हती. निळा शर्ट गाडी आली की वाकत होता, गाडी गेली की सरळ होत होता.

"ताई, तुम्ही दाबायचं थांबलात," ती मुलगी म्हणाली.

"एसी आहे ना. बोटं आखडतात," मी म्हटलं.

परत निघालो तेव्हा गेटवर दुसरा माणूस होता. घरी प्रभाकर नेहमीच्या वेळी आले, नेहमीच्या साध्या शर्टात. आबांनी विचारलं, "काय केलंस रं आज कंपनीत?"

"नेहमीचंच. माल आला, माल गेला."

मी पोळी वाढली. त्यांनी ताटातून डोकं वर काढलं नाही.

सकाळी चहा घेताना, आबा विहारात गेल्यावर, ते म्हणाले, "मधलं नाव सांगायची काय गरज होती?"

"तुम्ही विचारलंत."

"तो शेजारी उभा होता. विचारावं लागलं."

"मग मलाही सांगावं लागलं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, "आबांना कळता कामा नये. काठी जाळलेला माणूस आहे तो."

"सोडा ती नोकरी. दुकानात या. मला माणूस हवाच आहे."

"पुड्या बांधू?" ते हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "सुनंदा, शतांश मिलिमीटर या बोटाला कळायचा. त्या बोटानं पुड्या बांधायच्या? तिथं निदान मला कुणी ओळखत नाही." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे कालपर्यंत ओळखत नव्हतं."

मी पुन्हा विषय काढला नाही. वाटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. धंद्याचे दिवस आहेत, मागणी वाढते आहे, पुढच्या वर्षी मोठी जागा घेऊ, मशीन घेऊ, मशीन चालवायला माणूस लागेल, मशीन म्हटलं की ते येतील. माझ्या डोक्यात सगळं नीट बसलं होतं. हे मी त्यांना सांगायचं तेवढं बाकी होतं.

फोन आला तेव्हा दुकानात रांग होती. वसुबारस होती. तिकडून कुणीतरी हिंदीत, मग मोडक्या मराठीत बोलत होतं. गेटवर पडले, छातीत कळ, दवाखान्यात नेलंय, लवकर या. मी रिसीव्हर ठेवला आणि चप्पल शोधू लागले. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, आमची तेवढी चार पाकिटं देऊन जा. परत यायला जमायचं नाही." मी त्यांना चार पाकिटं दिली. खरंच दिली. सुटे पैसेही परत केले. मग रस्त्यावर आले आणि पळत सुटले.

ते वाटेतच गेले होते. सुपरवायझर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला. त्यानं मला ओळखलं. "ताई, तुम्ही... त्या दिवशी..." मग म्हणाला, "काका सकाळी म्हणत होते जळजळतंय. मी म्हटलं, बसा जरा. बसले नाहीत हो."

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. अंगावर निळा शर्ट तसाच, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला. गल्ली जमली होती. आबा आतल्या खोलीत होते, माणसं त्यांना धरून बाहेर आणत होती. मला फक्त एवढंच सुचलं की त्यांनी तो शर्ट बघता कामा नये. मी चादर गळ्यापर्यंत ओढली, कडा दोन्ही बाजूंनी आत खोचल्या.

आबा आले. पायांशी बसले. चादर वरून नाही, खालून सारली. मुलाच्या पोटऱ्यांवरून, त्या दोरीसारख्या शिरांवरून हात फिरवत राहिले.

"आबा, ते..." मी काहीतरी सांगायला गेले.

"ऱ्हाऊ दे, पोरी. मला ठावं व्हतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्या बापाच्या पोटऱ्या अशाच व्हत्या. ह्यो दारात पाय पसरून बसला, तवाच वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यो झाकत व्हता. म्या इच्चारलं असतं तर त्येची लाज दुप्पट झाली असती." मग अगदी हळू म्हणाले, "लोकांस्नी कंप्युटर कंप्युटर सांगत फिरलो, ते त्येच्यासाठीच."

भन्तेजी आले, त्रिशरण झालं. अंघोळ घालायच्या वेळी पुरुष मंडळी पुढे झाली. मी म्हटलं, पाय मी धुते. कुणी अडवलं नाही. गरम पाणी पोटऱ्यांवरून ओतलं. हात आपोआप चालले, घोट्यापासून गुडघ्याकडे, शिरेच्या कडेकडेनं. माझ्या हातांना तेवढं एकच येतं.

दिवाळीनंतर एजन्सीचा माणूस आला. दारात चुळबुळत म्हणाला, युनिफॉर्म आणि बूट जमा करावे लागतात. मी काही बोलायच्या आत आबा उठले. ट्रंकेवरून घडी केलेला शर्ट-पँट आणला. त्यांनी तो स्वतः धुतला होता, कोपऱ्यावरून इस्त्री करून आणली होती. बुटांना पॉलिश होतं. "घ्या," ते म्हणाले. "सोच्छ हाय." तो माणूस पाया पडायला वाकला, तर आबा मागे सरले. "न्हाई. आमच्यात कुनी कुनाच्या पाया पडत न्हाई." त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी काढले. विहारात जायचे, पण कुणाला काही सांगायचे नाहीत.

धंदा वाढला. तो वाढतच गेला, याचंही मला कधी कधी नवल वाटतं. मुग्धाच्या कंपनीतून दुसऱ्या कंपनीत, तिथून तिसऱ्या. कार्यशाळा, पाकिटं, सुगंधी तेलं. कुणी बोलावलं तर मी स्टेजवर जाऊन स्वतःची काळजी घ्या असं सांगते. मुली लिहून घेतात. खोटं सांगत नाही मी. फक्त बोलताना समोरच्या काचांतून बाहेर बघायचं टाळते.

मांजरीच्या युनिटला आता गेट आहे. माल जातो-येतो, विमावाल्यांनी सांगितलं की राखणदार हवा. बालाजी नावाचा एक माणूस ठेवला आहे, मराठवाड्यातला, पन्नाशीचा. तो आला त्याच दिवशी मी त्याच्यासाठी एक चांगली खुर्ची घेतली. पाठ टेकता येईल अशी, हातांची. वर पत्र्याचं छप्पर घातलं. पण जेव्हा बघावं तेव्हा तो खुर्चीच्या शेजारी उभा.

परवा दुपारी ऊन रणरणत होतं. शेडमधून बाहेर आले तर हा उभाच.

"बसत का नाही तुम्ही, बालाजी?"

"असू द्या, ताई. मालकानं बगितलं तर बरं दिसत न्हाई."

"इथं मालक मीच आहे."

"म्हणूनच न्हाई बसत," तो म्हणाला. अगदी साधेपणानं, त्यात काही खोच नव्हती.

मग मीच त्या खुर्चीवर बसले. तो अवघडून दोन पावलं मागे सरला आणि आणखीच ताठ उभा राहिला. आतून पल्व्हरायझरची घरघर येत होती, लता कुणालातरी हाका मारत होती. समोरच्या रस्त्यानं दिवाळीचा माल न्यायला ट्रक वळत होता. बालाजी शिट्टी वाजवत पुढे धावला, गेट उघडलं आणि उन्हात उभा राहून ड्रायव्हरला हात दाखवू लागला. मला उठून कागद द्यायला हवे होते. ट्रक आत येऊन थांबला तरी मला उठता आलं नाही.